एका सतरा अंकी संख्येचे देवळालीचे कूळ

१२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या पाठ करायला अर्धे मिनिटही लागत नाही, कारण एकापासून नवापर्यंत चढायचे आणि त्याच पायऱ्यांनी पुन्हा एकापर्यंत उतरायचे, एवढेच तिच्यात आहे. पण पाठ करायला सोपी म्हणून ती लहान नाही. दर सेकंदाला एक याप्रमाणे, दिवसरात्र न थांबता मोजत गेले, तर तिच्यापर्यंत पोचायला सुमारे ३९ कोटी वर्षे लागतील. नाशिककरांना हा काळ पांडवलेण्यांच्या डोंगराकडे पाहून थोडा उमगू शकेल. ती लेणी ज्या काळ्या पाषाणात कोरलेली आहेत, तो दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी बाहेर पडला, आणि त्या वेळी कोणी मोजायला बसले असते, तर आज तो मोजणारा जेमतेम एक षष्ठांश वाट चालून झाला असता.

अशा संख्येतील स्थानांना नावे देण्याची सोय आपल्याकडे जुनी आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त एकक, दशक, शतकापासून थेट परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. त्या क्रमाने पाहिले तर आपल्या संख्येतील डावीकडचा पहिला १ ‘मध्य’ या स्थानी, त्यानंतरचा २ ‘अंत्य’ स्थानी, ३ ‘जलधी’ स्थानी, ४ ‘शंकू’ स्थानी, ५ ‘महापद्म’ स्थानी बसतो, आणि सर्वांच्या मधोमध असलेला ९ ‘अर्बुद’ म्हणजे दशकोटीच्या स्थानी येतो. परार्ध हे ‘मध्य’च्या पुढचेच स्थान आहे. तिथपर्यंत ही संख्या पोचत नाही.

ती येते कुठून, हे सांगितल्यावर पुष्कळांना आश्चर्य वाटते. नऊ वेळा १ लिहून तयार होणारी १११११११११ ही संख्या स्वतःशीच गुणली, की गुणाकार १२३४५६७८९८७६५४३२१ येतो. कारण समजण्यासाठी नऊ एकांची गरज नाही, तीन पुरेत. १११ ला १११ ने शाळेतल्या पद्धतीने गुणताना आपण मांडतो ते असे:

१११
१११०
१११००

यांची बेरीज १२३२१. आता शून्ये विसरून फक्त उभ्या स्तंभांतले एक मोजावेत. एकक स्थानी एकच १ आहे, दशक स्थानी दोन, शतक स्थानी तीन, मग पुन्हा दोन आणि शेवटी एक. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली असल्यामुळे मधला स्तंभ सर्वांत उंच होतो आणि दोन्ही बाजूंना उंची एकेकाने घटते. नऊ एकांच्या गुणाकारात अशा नऊ ओळी असतात, मधल्या स्तंभात नऊ एक जमतात, आणि नऊ हा एका घरात मावणारा सर्वांत मोठा अंक असल्यामुळे कुठेही हातचा घ्यावा लागत नाही. संख्या उलटसुलट सारखीच वाचली जाते, ती याचमुळे.

दहावा १ जोडला की हा डौल मोडतो. दहा एकांच्या संख्येचा वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ असा येतो. मधल्या स्तंभात दहा एक जमले, त्याचे शून्य होऊन हातचा १ डावीकडच्या नवात मिळाला, त्याचेही दहा झाले, पुन्हा शून्य आणि हातचा, आणि तो हातचा आठात मिळून आठाचे नऊ झाले. चढत्या बाजूला ८ दिसेनासा झाला, तो असा. यातली एक बारीक गोष्ट पुढे उपयोगी पडेल म्हणून इथेच नोंदवतो: प्रत्येक हातच्यात एका घरातून दहा जातात आणि शेजारच्या घरात एक येतो, म्हणजे अंकांची बेरीज दर हातच्याला नवाने कमी होते. दहा एकांच्या वर्गात हातचे नसते तर अंकांची बेरीज १०० भरली असती. दोन हातचे आले, म्हणून ती ८२ आहे.

या संख्येची जवळजवळ सर्व वैशिष्ट्ये ‘दहापेक्षा नऊ एकाने कमी’ या एका साध्या वस्तुस्थितीतून निघतात, असे मी म्हटले तर ते अतिशयोक्त वाटेल. पण तपासून पाहावे. एखाद्या संख्येला नवाने भाग जातो का हे पाहण्यासाठी आपण तिच्या अंकांची बेरीज करतो, कारण दहाला नवाने भागले की बाकी १ उरते, शंभरला भागले तरी १, हजाराला भागले तरी १. त्यामुळे भागाकाराच्या दृष्टीने प्रत्येक अंक कोणत्याही स्थानी असला तरी फक्त स्वतःइतकाच मोजला जातो. हेच तर्कशास्त्र तीन अंकांच्या गटांना लावता येते, कारण हजारापेक्षा ९९९ एकाने कमी आहे. आपली संख्या उजवीकडून तीन-तीन अंकांनी तोडली तर १२, ३४५, ६७८, ९८७, ६५४ आणि ३२१ हे गट मिळतात, आणि त्यांची बेरीज २९९७ येते, म्हणजे बरोबर ९९९ ची तिप्पट. म्हणून संख्येला ९९९ ने भाग जातो. आणि ९९९ म्हणजे २७ गुणिले ३७ असल्यामुळे ३७ नेही जातो. सतरा अंकांचा भागाकार मांडावा लागला नाही, सहा लहान संख्यांची बेरीज पुरली.

आता एक घर आणखी पुढे जाऊ. संख्या उजवीकडून नऊ अंकांवर एकदाच तोडली, तर डावीकडे १२३४५६७८ आणि उजवीकडे ९८७६५४३२१ राहते. या दोहोंची बेरीज ९९९९९९९९९ येते, नऊच्या नऊ नऊ. हाही योगायोग नाही. १११११११११ या संख्येला ९ ने भाग जातो आणि भागाकार १२३४५६७९ येतो. म्हणून तिच्या वर्गातून एक ९ बाहेर काढून दुसऱ्या अवयवाला दिला, तर तोच वर्ग ९९९९९९९९९ गुणिले १२३४५६७९ असा लिहिता येतो. ज्या संख्येला नऊ नवांनी भाग जातो, तिचे नऊ-नऊ अंकांचे तुकडे मिळवले तर बेरजेलाही नऊ नवांनी भाग गेलाच पाहिजे.

या १२३४५६७९ मध्ये ८ नाही, हे वाचकांच्या लक्षात आले असेलच. १ ला ८१ ने भागले तर ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… असा आवर्ती अपूर्णांक मिळतो आणि त्यातही ८ नसतो. हा ८ कोणी चोरलेला नाही. या भागाकारात खरे तर ०, १, २, ३ असे क्रमाने सगळे आकडे एकेका घरात यायला बघतात, पण नवानंतर येणारा दहा एका घरात मावत नाही, त्याचा हातचा नवाला शून्य करतो आणि आठाला नऊ करतो. दहा एकांच्या वर्गात आपण जे पाहिले, तीच ही घटना.

संख्येचे मूळ अवयव पाडणे हे मोठ्या संख्यांच्या बाबतीत सहसा फार कष्टाचे काम असते, आणि इंटरनेटवरील काही सुरक्षाव्यवस्था याच कष्टावर उभ्या आहेत. इथे मात्र एकांची रांगच मदतीला येते. नऊ एक म्हणजे तीन-तीन एकांचे तीन गट, म्हणून १११११११११ ही संख्या १११ गुणिले १००१००१ आहे. १११ म्हणजे ३ गुणिले ३७, आणि १००१००१ म्हणजे ३ गुणिले ३३३६६७. यातील ३३३६६७ ही मूळसंख्या आहे. त्यामुळे आपल्या सतरा अंकी वर्गाचे अवयव ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग एवढेच आहेत. तिचा कोणताही विभाजक घ्या, त्यात ३ एकतर मुळीच नसेल किंवा एक ते चार वेळा असेल, म्हणजे पाच पर्याय. ३७ साठी तीन आणि ३३३६६७ साठी तीन. पाच गुणिले तीन गुणिले तीन, असे ४५ विभाजक होतात. ही संख्या विषम आली, कारण विभाजक नेहमी जोडीने येतात आणि फक्त वर्गमूळ आपलीच जोडी आपण असते.

एकांच्या सगळ्याच रांगा अशा सहज फुटत नाहीत. दोन एकांची ११ ही मूळसंख्या आहे, त्यानंतर थेट १९ एकांची आणि मग २३ एकांची. १९ एकांच्या संख्येचा वर्ग आपल्या संख्येपेक्षा कितीतरी मोठा असूनही त्याला अवघे तीन विभाजक आहेत. विभाजकांची ही माहिती आपण संख्या कशा लिहितो यावर अवलंबून नाही. बाकी बरीचशी आहे. आपल्याला आठ बोटे असती आणि आपण आठाच्या पटीत संख्या लिहीत असतो, तर असाच चढउतार सात एकांच्या वर्गात दिसला असता आणि नवाचा सगळा मान सातला मिळाला असता. या कारणाने अंकांच्या खेळांना काही गणिती दुय्यम मानतात. मला ते अर्धेच पटते, कारण लिहिण्याची पद्धत माणसाने निवडली तरी ती निवडल्यावर काय घडते हे त्याच्या हातात राहत नाही.

या क्षेत्रात आयुष्य घालवणारा माणूस नाशिकच्या वेशीवर राहत होता. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ मध्ये डहाणूला झाला, आणि १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते देवळालीत शाळामास्तर होते. ६१७४ या स्थिरांकामुळे त्यांचे नाव जगभर पोचले, तेही अमेरिकन लेखक मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकामध्ये त्यांच्याविषयी लिहिल्यानंतर जास्त. ६१७४ बद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून ते इथे बाजूला ठेवतो. १, १२१, १२३२१ अशा क्रमाने आपल्या संख्येपर्यंत येणाऱ्या या कुटुंबाला कापरेकरांनी ‘वंडरफुल डेमलो’ संख्या म्हटले होते. डेमलो हे तेव्हाच्या जी. आय. पी. रेल्वेवरचे (आजची मध्य रेल्वे), मुंबईपासून सुमारे ३० मैलांवरचे स्थानक. तिथे त्यांना या संख्यांचा विचार सुचला, म्हणून हे नाव. आज मध्य रेल्वेने नाशिकहून मुंबईला जाणारा माणूस त्याच मार्गाने जातो.

कापरेकरांनी केलेली आणखी एक व्याख्या आपल्या संख्येला लागू पडते. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो, तिला त्यांनी आनंद देणारी म्हणून ‘हर्षद’ संख्या म्हटले. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१ आहे, आणि १११११११११ ला ९ ने भाग जात असल्यामुळे तिच्या वर्गाला ८१ ने भाग जाणारच. भागाकार १५२४१५७८९९७१०४१ येतो, जो १२३४५६७९ चा वर्ग आहे. मात्र हे सुख या कुटुंबातील सर्वांच्या वाट्याला आलेले नाही. एकांची संख्या कितीही असो, नवापर्यंत वर्गाच्या अंकांची बेरीज त्या संख्येच्या वर्गाइतकीच असते; म्हणून प्रश्न एवढाच उरतो की दोन एकांना २ ने, तीन एकांना ३ ने, चार एकांना ४ ने भाग जातो का. एकांची रांग विषम असल्यामुळे २, ४, ६ आणि ८ आपोआप बाद होतात, शेवटी १ असल्यामुळे ५ बाद होतो, आणि सात एकांना ७ ने भागले की बाकी १ उरते. उरतात फक्त १, ३ आणि ९. नऊ भावंडांपैकी हर्षद तीनच.

इथे एक व्यावहारिक इशारा द्यायला हवा. ही गणिते पडताळायला कोणी एक्सेल उघडले, तर तिथे १२३४५६७८९८७६५४३२१ असे टाइप करताच ती संख्या १२३४५६७८९८७६५४३०० होऊन बसते, कारण एक्सेल पंधरा अंकांपर्यंतच नेमकेपणा राखतो आणि पुढच्या अंकांच्या जागी मुकाट्याने शून्ये भरतो. पुढचा सगळा विषय शेवटच्या तीन अंकांचा आहे, तेव्हा कागद आणि पेन्सिल बरी.

एखादी संख्या घ्यावी आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवावी. येणाऱ्या संख्येला आपण तिचे अपत्य म्हणू. ४७ मध्ये ४ आणि ७ ची बेरीज ११ मिळवली की ५८ येतात, ५८ मध्ये १३ मिळवले की ७१. अपत्य प्रत्येक संख्येला असते, पण जनक प्रत्येकीला असतोच असे नाही. २० घेऊन पाहा: १५ चे अपत्य २१, १४ चे १९, आणि इतर कोणत्याही संख्येपासून २० होत नाहीत. अशा जनक नसलेल्या संख्यांना कापरेकरांनी ‘स्वयंभू’ म्हटले, आणि आपल्या गावावरून त्यांना देवळाली संख्या असेही नाव दिले. उलट काही संख्यांना दोन जनक असतात. सिंहस्थाचे २०२७ हे वर्षच पाहावे: २०१७ मध्ये १० मिळवले तरी २०२७ होतात आणि १९९९ मध्ये २८ मिळवले तरी २०२७ होतात.

मग आपल्या सतरा अंकी संख्येला जनक आहे का? वरवर पाहता हा शोध मोठा वाटतो, पण जनक फार दूर असू शकत नाही. सतरा अंकांची बेरीज जास्तीत जास्त १५३ होते, म्हणजे जनक असला तर तो १५३ च्या आतल्या अंतरावरच सापडेल. आता पुन्हा नऊ कामाला येतो. संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज यांना ९ ने भागल्यावर बाकी सारखीच राहते, म्हणून अपत्याची बाकी ही जनकाच्या अंकबेरजेच्या दुपटीची बाकी असते. आपल्या संख्येला ९ ने नि:शेष भाग जातो, तेव्हा जनकाच्या अंकबेरजेच्या दुपटीलाही जायला हवा, आणि त्यामुळे अंकबेरजेलाही जायलाच हवा. म्हणजे तपासायचे ते ९, १८, २७ असे करत १५३ पर्यंतचे केवळ सतरा पर्याय.

तपासणी आणखी सोपी होते, कारण १५३ पर्यंत काहीही वजा केले तरी पहिले चौदा अंक हलत नाहीत आणि त्यांची बेरीज ७५ ही कायम राहते. फक्त शेवटचे ३२१ बदलतात. ९ वजा केले तर ३१२ उरतात, अंकांची एकूण बेरीज ८१ होते, हवी होती ९, जमले नाही. ७२ वजा केले तर २४९, बेरीज ९०, हवी होती ७२. ८१ वजा केले तर २४० उरतात, त्यांची बेरीज ६, आणि ७५ मध्ये ६ मिळवले की ८१. जमले. उरलेल्या पर्यायांत बेरीज प्रत्येक वेळी ८१ किंवा ९० येते आणि हव्या त्या संख्येशी एकदाही जुळत नाही. आपल्या संख्येला एकच जनक आहे: १२३४५६७८९८७६५४२४०.

साहजिकच पुढचा प्रश्न जनकाच्या जनकाचा येतो, आणि तो सोडवायला नवे काहीच लागत नाही. या संख्येलाही ९ ने भाग जातो, म्हणून पर्याय तेच सतरा, पहिले चौदा अंक तेच, बेरीज तीच ७५. सुरुवात फक्त ३२१ ऐवजी २४० पासून करायची. ८१ वजा करून पाहिले तर १५९ उरतात, त्यांची बेरीज १५, म्हणजे एकूण ९०, आणि ८१ हवे होते. ९० वजा करून पाहिले तर १५० उरतात, एकूण ८१, आणि ९० हवे होते. दोन्ही पर्याय एकमेकांची उत्तरे घेऊन बसलेले. ९ पासून ३६ पर्यंत आणि ९९ पासून १३५ पर्यंत बेरीज ८१ येते, ४५ पासून ७२ पर्यंत आणि १४४, १५३ या पर्यायांत ९० येते, आणि सतरापैकी एकही जुळत नाही. १२३४५६७८९८७६५४२४० ही संख्या स्वयंभू आहे. कापरेकरांच्या शब्दांत सांगायचे तर देवळालीची आहे. डेमलो कुटुंबातल्या नवव्या संख्येचा वंश देवळालीपासून सुरू होतो, हे मला कागदावर आकडेमोड करतानाच कळले, आणि खात्री करण्यासाठी सतरा पर्याय मी तीनदा तपासले.

वंश पुढेही चालतो. आपल्या संख्येत तिची अंकबेरीज ८१ मिळवली तर शेवटचे तीन अंक ४०२ होतात, त्यांची बेरीज पुन्हा ६, म्हणजे अपत्याची अंकबेरीजही ८१ च. जनक, संख्या आणि अपत्य, तिघांची अंकबेरीज ८१ आहे आणि तिघांनाही ८१ ने भाग जातो, म्हणून तीन पिढ्या ओळीने हर्षद आहेत. चौथ्या पिढीत शेवटचे तीन अंक ४८३ येतात आणि अंकबेरीज ९० वर जाते. शेवटी ३ असलेल्या संख्येला ९० ने भाग जाणे शक्य नाही, तेव्हा ती हर्षद नाही.